सदका पुरे, जागा द्या

रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला कुठल्याही गावातल्या जामा मशिदीसमोर उभे राहून पाहावे. दाराच्या दोन्ही बाजूंना रांग लागलेली असते. चाकांच्या फळीवर बसलेला पोरगा, आईच्या मांडीवर मान टाकून पडलेले सहा-सात वर्षांचे लेकरू, भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली आंधळी मुलगी. नमाज संपते. लोक बाहेर येतात, खिशात हात घालतात, नोट टाकतात आणि हलक्या मनाने घरी जातात. त्यांच्या दहा-वीस रुपयांना आम्ही नावे ठेवत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. ज्या पोराला आम्ही पायऱ्यांच्या बाहेर सदका देतो, त्याला पायऱ्यांच्या आत, सफमध्ये, जागा आहे का? मदरशात आहे का? आमच्या जमातीने चालवलेल्या शाळेत आहे का? शादीच्या दस्तरखानावर तरी आहे का?

उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हा सवाल कुणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोहल्ल्यात रमजानचे रेशन वाटत होतो. पीठ, तांदूळ, तेल, खजूर, शेवया. बेकरीत काम करणाऱ्या एका मजुराच्या दोन खोल्यांत गेलो, तेव्हा दाराआडून नऊ वर्षांची एक मुलगी डोकावली. आईने तिला घाईघाईने आत लोटले. बाप म्हणाला, "गूंगी है भाईजान, पर समझती सब है." ती मुकी नव्हती, जन्मतः बहिरी होती. ऐकूच येत नाही म्हणून बोलणे आले नव्हते. नऊ वर्षांत तिच्या गळ्यात तीन तावीज बांधले गेले होते, दोन दर्ग्यांवर मन्नत झाली होती, कानाची तपासणी मात्र एकदाही झाली नव्हती. घरच्या घरी तिने आपल्या खुणा तयार केल्या होत्या. नाकाला बोट लावले की अम्मी, कारण अम्मीच्या नाकात चमकी. दोन्ही हातांनी गोळा थापला की अब्बा. आम्ही निघालो तेव्हा तिने आमच्याकडे बघत हनुवटीखाली हात फिरवून दाढी दाखवली आणि मग पंजा उघडून पुढे केला. आई ओशाळून म्हणाली, "आप लोगों को ऐसेच बुलाती है. साल में एक बार देने आते सो."

त्या खुणेने आम्हाला आमची जागा दाखवून दिली. वर्षातून एकदा येणारी, देऊन जाणारी दाढी. ही आमची बिरादरी.

त्या बापाला आम्ही विचारले, शाळेत का नाही घातले? तो म्हणाला, "अल्ला की मर्जी." हे वाक्य आमच्या समाजात इतक्या सहज उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासायचे कुणाला सुचत नाही. मूल बहिरे जन्मले ही अल्लाहची मर्जी असेल. पण त्याला नऊ वर्षे दाराआड ठेवले ही कुणाची मर्जी? ते काम आमचे. आमची आळस, आमची लाज आणि आमचे अज्ञान आम्ही अल्लाहच्या नावावर जमा करतो आणि वर त्याला सब्र म्हणतो. सब्र म्हणजे संकटात ठाम राहून हातपाय हलवणे. हात बांधून बसणे म्हणजे सब्र, हे आम्हाला कुणी शिकवले?

ज्यांना दीनचाच आधार हवा, त्यांनी सूरह अबस पुन्हा वाचावी. कुरैशच्या बड्या सरदारांशी रसूलुल्लाह (स.) बोलत होते. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी काही शिकण्यासाठी आले. बोलण्यात व्यत्यय आला म्हणून कपाळावर आठी उमटली, एवढेच घडले. ती आठी त्या अंध माणसाला दिसणेही शक्य नव्हते. तरी त्या आठीबद्दल आयती उतरल्या आणि क़यामतपर्यंत वाचल्या जाणार आहेत. पुढे हेच इब्न उम्मे मकतूम मदिनेत हजरत बिलाल यांच्यासोबत अज़ान देत. हुजूर शहराबाहेर गेले असताना एकापेक्षा अधिक वेळा मदिनेचा कारभार त्यांच्याकडे सोपवला गेला. कुणी त्यांना दारात बसवून सदका दिला नाही.

एक हदीसही सर्वांना माहीत आहे. एका अंध माणसाने, हात धरून आणणारा कुणी नाही म्हणून घरीच नमाज पढण्याची मुभा मागितली. त्याला विचारले गेले, अज़ान ऐकू येते का? येते, म्हणाला. मग ये, असे सांगितले गेले. आमचे उलेमा या हदीसवरून जमातीच्या नमाजचे महत्त्व समजावतात आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या माणसाची गणती झाली, त्याचे नसणे जाणवले. आज आम्ही चाकाच्या खुर्चीवरच्या पोराला काय सांगतो? तुला माफ आहे बेटा, घरीच पढ. शरियतने दिलेली सवलत त्याच्या सोयीसाठी होती. आमच्या पायऱ्या वाचवण्यासाठी ती नव्हती. मशिदीला संगमरवर लागतो, एसी लागतो, मिनार दोन हात उंच होतो. चार फूट रुंद उतरती फरशी टाकायची म्हटले की कमिटीला फंड आठवतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या पुलिक्कल येथील मशीद अल-रहमामध्ये चाकाची खुर्ची आत जाते आणि जुम्म्याचा खुत्बा बहिऱ्यांसाठी सांकेतिक भाषेतही सांगितला जातो. तीही आपल्यासारख्याच मुसलमानांनी उभी केलेली मशीद आहे.

आता घरात येऊ. अपंग मूल जन्मले की पहिला गुन्हेगार ठरते ती आई. गरोदरपणी ग्रहणात बाहेर गेली असेल, कुणाची नजर लागली असेल, तिच्या माहेरातच काही असेल. या मुद्द्यावरून दुसरा निकाह झालेला आम्ही पाहिला आहे. ज्या बाईला सर्वांत जास्त आधार हवा, तिलाच एकटी पाडायचे आणि मग तिने मुलाला घेऊन दर्ग्या-दर्ग्यांवर फिरायचे. आम्ही दर्ग्यांच्या विरोधात नाही. तिथे दुखऱ्या माणसाला बसायला जागा मिळते, रडायला मुभा मिळते, हे दवाखान्यात मिळत नाही. पण फिट येणाऱ्या मुलाच्या अंगात कुणी शिरलेले नसते. त्याच्या मेंदूत बिघाड असतो आणि बहुतेकांच्या फिट रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतात. गोळी न देता साखळी बांधली की वाट कुठे जाते, हे 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळता आले नाही. त्यांच्यातला प्रत्येकजण कधीतरी कुणाचे तरी लेकरू होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधण्यास मनाई केली आहे. दुसरी वाटही आपल्याच एका दर्ग्याने दाखवली. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर 2008 पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम झाला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. दोहोंत भांडण नाही, हे तिथल्या मुजावरांना उमगले. आमच्या गल्लीतल्या आमिलांना ते कधी उमगणार?

काही अपंगत्व टाळता येते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. 2002 साली देशात पोलिओचे 1600 रुग्ण सापडले. त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते आणि त्यात मुसलमान मुलांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने फार मोठा होता. थेंब पाजले की नसबंदी होते, ही अफवा आमच्याच वस्त्यांत फिरली. पुढे उलेमांनी, अलिगढ आणि जामिया मिल्लियासारख्या विद्यापीठांनी घरोघरी जाऊन समजावले, मशिदींतून एलान झाले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मौलानांच्या एका एलानमध्ये किती ताकद असते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. पण 2002 ची ती मुले आज पंचविशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या पायात अफवा तशीच आहे. ज्यांनी ती पसरवली त्यांनी कधी माफी मागितली नाही. धडा आम्ही पुरता शिकलो असेही नाही. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली, मुले दगावली, भिवंडी-मालेगावातही रुग्ण सापडले. गोवर म्हणजे नुसते पुरळ नाही. त्यातून वाचलेल्या मुलाचे कान, डोळे, मेंदू जाऊ शकतात. लस फुकट आहे.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. सख्ख्या चुलत, मामे, मावस, आते भावंडांतले निकाह. इस्लामने त्यांना परवानगी दिली आहे, ते फर्ज केलेले नाहीत. ही चाल आमचीच आहे असेही नाही. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या शेजारच्या अनेक हिंदू जातींतही आहे. परवानगीवर आमचा वाद नाही. पण जन्मतः दोष असलेली मुले सर्वसाधारणपणे शंभरात दोन-तीन जन्मतात आणि सख्ख्या भावंडांच्या मुलांत झालेल्या निकाहात हे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात सोयरीक होत राहिली की धोका वाढतो. घराण्यात आधीच बहिरी किंवा थॅलेसेमियाची मुले असतील, तर सोयरीक ठरवण्यापूर्वी रक्त तपासून सल्ला घ्यायला काय हरकत आहे? इराणने 1997 पासून आणि सौदी अरेबियाने 2004 पासून निकाहपूर्वी थॅलेसेमियासारख्या रोगांची तपासणी सक्तीची केली. तिथे कुणाचे ईमान धोक्यात आले नाही. आमच्याकडे मात्र निकाहाच्या बैठकीत मेहर ठरतो, जहेज ठरते, मंडप ठरतो आणि रक्ताचा विषय काढणारा बदतमीज ठरतो.

यानंतर येते वेळ. बहिऱ्या मुलाच्या बाबतीत वेळ हीच सारी दौलत असते. मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. तान्ह्या बाळाच्या कानाची तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी केंद्राच्या एडिप योजनेतून कानात यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण मूल पाच वर्षांच्या आतले हवे. मुंबईत वांद्र्याला 1983 साली बहिऱ्यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. संस्थेच्या पाटीवर मुसलमानाचे नाव आहे आणि आमच्या मोहल्ल्यातल्या आईला ती संस्था ठाऊक नाही. बेकरीवाल्याची मुलगी आम्हाला भेटली तेव्हा नऊची होती. पाच वर्षांची मुदत चार वर्षांपूर्वी टळली होती. त्या चार वर्षांत, आणि त्याआधीच्या पाच वर्षांतही, दर रमजानला आम्ही त्याच दारात पीठ-तांदूळ ठेवून आलो होतो. आत कोण आहे हे विचारले नव्हते. आमचा राग इतरांवर कमी आणि स्वतःवर जास्त आहे, तो यामुळे.

सरकारला आम्ही मोकळे सोडत नाही. सच्चर समितीने 2006 साली आमच्या वस्त्यांतल्या शाळा, दवाखाने आणि अंगणवाड्यांची उणीव दाखवली. अपंग मूल असलेल्या घराला तिची झळ दुप्पट बसते. 2013 पासून मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळांत जाते. जे मूल अंगणवाडीत नाही आणि शाळेतही नाही, जे दिवसभर मदरशात आहे किंवा दाराआड आहे, ते पथकाला दिसतच नाही. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेटे घालावे लागतात, रोजंदारी बुडते. जन्मदाखल्यावर 'शेख', आधारवर 'शेक', रेशनकार्डावर नुसतेच 'बानो', यात अर्ज अडकतो. अपंगचे विकलांग झाले, विकलांगचे दिव्यांग झाले. महाराष्ट्रात 2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेही झाले. शब्द बदलले, खाते बदलले, खिडकीसमोरची रांग मात्र तीच राहिली.

पण सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या शाळांकडे पाहू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यावे, इमारत त्याला वापरता येईल अशी करावी, हे सरकारने पाहावे, असे हा कायदा सांगतो. आमचे संस्थाचालक म्हणतात, आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला लागू नाही. ते ज्याचा आधार घेतात तो शिक्षणहक्क कायदा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि 2025 साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. तो वाद न्यायालयात चालो. पण राज्यघटनेच्या कलम 30 ने आम्हाला संस्था चालवण्याचा हक्क दिला तो समाजातल्या दुबळ्या लेकराला जवळ घेण्यासाठी, की त्यालाच दाराबाहेर ठेवण्यासाठी? "आमच्याकडे तसा शिक्षक नाही, तुम्ही दुसरीकडे बघा", हे वाक्य आपल्याच माणसाने आपल्याच आईला आपल्याच भाषेत ऐकवावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

आता पैशाचे. आम्ही त्या मुलीसाठी आमच्या जमातीच्या कमिटीकडे गेलो. जिल्ह्याच्या गावी बहिऱ्यांची शाळा होती. हवे होते ते रोजचे एसटीचे भाडे, तिचे आणि आईचे. कमिटीत दोन तास मसला चालला. जकातीत तमलीक लागते, म्हणजे पैसा गरिबाच्या मालकीचा व्हावा लागतो, मग तो भाड्याला कसा द्यायचा? मसला खरा आहे, आम्ही त्याची टिंगल करत नाही. पण उत्तरही त्यातच होते. पैसा त्या गरीब आईच्या हातावर ठेवा, ती मालक झाली, आता ती भाडे भरो. मशिदीचा उतार जकातीतून होणार नाही, मान्य. मग तो लिल्लाहच्या रकमेतून, चंद्यातून करा. नियत असली की मसला वाट दाखवतो. नसली की तोच मसला भिंत होतो. एक बुजुर्ग शेवटी मनातले बोलले, "अरे, धडधाकट पोरं बेकार बसलीत, आधी त्यांचं बघू. या पोरीला शिकवून काय करणार?"

हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो, म्हणून त्याला उत्तर देतो. हाच युक्तिवाद या देशात आमच्याविषयी केला जातो. आधी बहुसंख्यांचे बघू, यांचे नंतर. यांना शिकवून काय करणार, शेवटी पंक्चरच काढणार. तो ऐकून आमचे रक्त उसळते. मग आमच्यातल्या दुबळ्याला आम्ही तोच कसा ऐकवतो? आपल्या हक्काची मागणी ज्याला मोठ्या आवाजात करायची आहे, त्याने आपल्या घरातल्या छोट्याचा हक्क आधी चुकता करावा. शिवाय हिशेबही चुकीचा आहे. शिकलेली बहिरी मुलगी कमावते. सरकारी नोकरीत अशांसाठी राखीव जागा आहेत, 1995 च्या कायद्यात तीन टक्के होत्या, 2016 च्या कायद्याने चार केल्या. दाराआड ठेवलेली मुलगी आयुष्यभर कुणाच्या तरी ताटावर राहते आणि आईबाप गेले की कुणाच्याच राहत नाही.

'आमच्यामागे हिचे काय', हा घोर प्रत्येक अशा आईला असतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मतिमंद, स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांग असलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. आणि वारसाहक्काचे तर शरियतनेच ठरवून दिले आहे. अपंग आहे म्हणून कुणाचा हिस्सा बुडत नाही. तरी भाऊ तो खातात आणि मोबदल्यात ओसरीवर एक खाट देतात. हा हक मारणारे लोक पहिल्या सफमध्ये नमाज पढतात, हे आम्ही कधी बोलणार?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. यंदा रमजानचे रेशन वाटताना प्रत्येक घरी एक सवाल विचारा, घरात असे मूल आहे का? त्याची नोंद करा. प्रमाणपत्राच्या कागदांसाठी मोहल्ल्यातले शिकलेले दोन तरुण नेमा. पेश इमामांनी वर्षातून एक खुत्बा लसीवर आणि कानाच्या तपासणीवर द्यावा. मदरशांनी आरोग्यपथकाला स्वतःहून बोलावावे. अरबी ब्रेलमधला कुरआन मिळतो, तो मागवावा. आपल्या प्रत्येक शाळेने येत्या जूनमध्ये अशा एका तरी मुलाला दाखला द्यावा. आणि मशिदीच्या एका पायरीच्या जागी उतार करावा. यातल्या कशालाही फतवा लागत नाही.

ती मुलगी अखेर शाळेत गेली. भाड्याचे पैसे कमिटीने नाही, तिच्या बापाच्या बेकरीतल्या मजुरांनी आपसांत जमवले. बोलणे तिला आले नाही, ती वेळ गेली होती. पण ती सांकेतिक भाषा शिकली, मराठीत आपले नाव लिहायला शिकली. गेल्या रमजानला आम्ही पुन्हा त्या दारात गेलो. तिने आम्हाला पाहिले, हनुवटीखाली हात फिरवून दाढी दाखवली आणि सवयीने पंजा पुढे केला.

तिच्यासाठी आम्ही अजून देणारेच आहोत. ती खूण बदलण्याची जबाबदारी तिची नाही, आमची आहे.